सुजलेला सांधा आतून कसा दिसतो?



पहाटे जाग येते तेव्हा हाताची मूठ वळत नाही. निऱ्या खोचताना बोटे साथ देत नाहीत. गाईची धार काढायला बसावे तर अंगठ्यात जोर नाही. परातीत पिठाचा गोळा घ्यावा आणि भाकरी थापू लागावे, तर बोटांची पेरे ठणकतात. मग ऊन वर येते, तासा-दोन तासांनी हात थोडे मोकळे होतात आणि दिवस कसाबसा रेटला जातो. घरातले म्हणतात, "वात असेल, तेल लावून शेक दे." एखाद्या घरी याहून कडू बोलही ऐकावे लागतात : "कामाच्या वेळेलाच बरे हात दुखतात!"

पुढे कोणी तरी तालुक्याच्या गावी नेतो. तिथे हाताचा 'फोटो' काढतात. फोटो पाहून सांगतात, "हाडं शाबूत आहेत, काही निघालं नाही." आणि मग सगळ्यांचीच समजूत होते की, दुखणे मनाचे आहे.

ही गोष्ट मी ऐकीव सांगत नाही. माझ्या थोरल्या वहिनींच्या बाबतीत हेच घडले. फोटोत काही निघाले नाही, म्हणून आम्ही घरची शिकलीसवरलेली माणसेसुद्धा निर्धास्त राहिलो. जवळजवळ दीड वर्ष गेले. दुसरा फोटो काढला तेव्हा बोटांच्या हाडांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या. मी वैद्य नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा मास्तर आहे. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला : हात खरे बोलत होता, मग फोटो खोटे कसा बोलला? त्याचे उत्तर शोधता शोधता जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी या दुखण्याची ओळख करून घेऊ. आपल्याकडे गुडघा धरला, कंबर आखडली, बोटे सुजली, सगळ्याला आपण संधिवातच म्हणतो. पण वय झाल्यावर सांधे झिजतात ते दुखणे वेगळे आणि हे वेगळे. झिजलेला गुडघा चालले की दुखतो आणि बसले की थांबतो. आपण ज्याविषयी बोलत आहोत त्या आमवातात उलटे होते. विश्रांतीनंतर, म्हणजे सकाळी, सांधे सर्वांत जास्त आखडतात. डाव्या हाताची जी बोटे सुजतात, बहुधा उजव्या हाताचीही तीच सुजतात. मनगटे, बोटांची मुळे आणि मधली पेरे यांना तो धरतो. नखांजवळचे शेवटचे पेर मात्र सहसा सोडून देतो. पाश्चात्त्य वैद्यकात याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. हे नाव आल्फ्रेड गॅरॉड या इंग्रज वैद्याने १८५९ साली दिले. आपल्या माधवनिदान या जुन्या ग्रंथातही आमवातावर स्वतंत्र प्रकरण आहे. दोन्ही वर्णने शब्दशः एकच आहेत असा माझा दावा नाही. पण सांधे धरणारे, अंग मोडून टाकणारे दुखणे आपल्या पूर्वजांना अनोळखी नव्हते, एवढे खरे.

हा शहरी लोकांचा रोग आहे, अशी कोणाची समजूत असेल तर तीही काढून टाकावी. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेशी ती जोडलेली होती. चार हजारांहून अधिक प्रौढ माणसे विचारली गेली. त्यांत शंभरातल्या सुमारे अठरा जणांना हाडा-सांध्यांचे काही ना काही दुखणे होते आणि खरा आमवात हजारी सुमारे पाच जणांना होता. आकडा लहान वाटतो. पण तुमच्या गावात दोन हजार प्रौढ माणसे असतील, तर त्यांत दहा जण असे असू शकतात, असा त्याचा अर्थ. आणि हा रोग पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने अधिक होतो, तोही बहुतेक वेळा तिशी ते साठीच्या दरम्यान, म्हणजे संसाराचा सारा भार हातांवर असतो त्या वयात.

आता सांध्याच्या आत काय होते ते पाहू.

दोन हाडे जिथे मिळतात तिथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. सांध्याभोवती एक पिशवी असते आणि पिशवीला आतून नाजूक, पातळ अस्तर असते. हे अस्तर वंगण पुरवते, म्हणून आपली बोटे न कुरकुरता हलतात. आमवातात शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच चुकते आणि आपल्याच सांध्याला परके समजून त्यावर चालून जाते. अस्तर सुजते, जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पिशवीत पाणी साचते.

शेतकरी बांधवांना हे सांगायला अवघड नाही. बांधावर हराळी माजली की ती बांधावरच थांबते का? ती वावरात सरकते आणि पिकाखालची जमीन धरते. सुजलेले अस्तर अगदी असेच कडेकडेने सरकत येते. कूर्चा जिथे संपते आणि पिशवी जिथे चिकटते, त्या दोहोंमध्ये हाडाची एक बारीक पट्टी उघडी असते. पहिला घाला तिथेच पडतो. हाडाला खड्डे पडतात, पुढे कूर्चा खाल्ली जाते, कंडरा सैल पडतात आणि बोटे वाकडी होतात. हाडाला पडलेला खड्डा क्वचितच भरून निघतो. वाकलेले बोट औषधाने सरळ होत नाही.

तेव्हा लक्षात घ्या, आधी अस्तराचा दाह आणि मागाहून हाडाची हानी. या दोहोंमध्ये काही महिन्यांचे अंतर असते. तेवढ्यात योग्य औषध सुरू झाले तर हात वाचतो. म्हणून प्रश्न असा आहे की, हाडाला खड्डा पडण्यापूर्वीचा दाह आपल्याला पाहता येईल का?

पहिले साधन आपल्या परिचयाचे, क्ष-किरणांचे. जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी या किरणांचा शोध लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसत होती. जगातल्या पहिल्या क्ष-किरण चित्रांपैकी एक चित्र हाताचेच असावे, हा मोठा योगायोग म्हटला पाहिजे. पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली राँटगेन यांनाच मिळाले.

हे किरण मांसातून सहज पार जातात. हाडातला चुना मात्र त्यांना अडवतो. म्हणून हाड पांढरे उमटते आणि बाकीचा भाग काळपट. आता तुमच्या ध्यानात आले असेल की, वहिनींचा फोटो 'स्वच्छ' का होता. दाह होता अस्तरात, आणि अस्तर तर या किरणांना जवळजवळ दिसतच नाही! फार तर सुजेची पुसट सावली दिसते. सांध्याजवळचे हाड विरळ होते, पण त्यातला सुमारे तीस टक्के चुना गेल्याशिवाय ते फोटोत नीट ओळखू येत नाही. पुढे दोन हाडांतली फट कमी होते आणि शेवटी कडेचे खड्डे दिसतात. दाराच्या चौकटीला वाळवी लागली तरी रंग शाबूत असेपर्यंत आपल्याला पत्ता नसतो. बोट लावले की लाकूड आत जाते, तेव्हा कळते. क्ष-किरणांचा फोटो वाळवी दाखवीत नाही, वाळवीने खाल्लेली जागा दाखवतो. फोटो खोटे बोलला नव्हता. आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

म्हणून फोटो काढूच नये काय? तसे नव्हे. तो स्वस्त आहे, सगळीकडे मिळतो, आणि हाताच्या एका फोटोत जेवढे किरण लागतात तेवढे आपल्याला निसर्गातूनच काही तासांत मिळतात. तेव्हा त्याची धास्ती नको. सुरुवातीला एक फोटो काढून ठेवला तर वर्षाने काढलेल्या दुसऱ्या फोटोशी तो ताडून पाहता येतो. हानी वाढते आहे की थांबली, याचा तो पुरावा असतो. ही हानी गुणांनी मोजण्याची रीत जॉन शार्प या अमेरिकन डॉक्टरांनी १९७१ साली मांडली. पुढे नेदरलँड्सच्या डेझिरे व्हान डेर हेइड यांनी १९८९ साली तिच्यात पायांचे सांधे घेतले. त्या रीतीत हातापायांच्या ठरलेल्या जागा तपासून शून्यापासून ४४८ पर्यंत गुण देतात. शिक्षक मंडळींना गंमत वाटेल, पण या परीक्षेत जितके गुण कमी तितका विद्यार्थी हुशार!

पायांचा उल्लेख मुद्दाम केला. पुष्कळदा पहिला खड्डा हाताला न पडता पायाच्या करंगळीच्या मुळाशी पडतो. तेव्हा हाताच्या फोटोबरोबर पायांचाही काढावा, असे डॉक्टरांनी सांगितले तर "दुखतोय हात आणि काढतात पाय" असे म्हणू नका. तशीच गोष्ट मानेची. फार वर्षांच्या आमवातात मानेच्या वरच्या दोन मणक्यांचे बंध सैल पडू शकतात. अशा रोग्याला भूल द्यायची असेल तर त्याआधी मान वाकवून फोटो काढणे हिताचे असते. शस्त्रक्रियेच्या वेळी "मला जुना आमवात आहे" हे आपण होऊन सांगावे.

दुसरे साधन म्हणजे सोनोग्राफी. हे नाव आज खेड्यापाड्यांत माहीत आहे, पण बाळंतपणामुळे. सांध्याचीही सोनोग्राफी होते हे अनेकांना ठाऊक नसते. इथे किरण नाहीत, आवाज आहे. डोंगरापुढे उभे राहून हाक मारली की प्रतिध्वनी येतो, त्यातलाच हा प्रकार. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. बोटांच्या सांध्यासाठी वापरतात तो आवाज सेकंदाला एक कोटीहून अधिक कंपनांचा असतो. तो शरीरात शिरतो, वेगवेगळ्या थरांवर आपटून परततो आणि त्या प्रतिध्वनींवरून यंत्र पडद्यावर चित्र रेखाटते. पिशवीत साचलेले पाणी काळे दिसते, जाड झालेले अस्तर करडे दिसते आणि हाडाची कड पांढऱ्या रेघेसारखी दिसते. त्या रेघेत खाच पडली असेल तर तीही दिसते.

याच्याही पुढची एक युक्ती आहे. तुम्ही रेल्वेच्या फलाटावर उभे आहात. शिट्टी फुंकत गाडी जवळ येते तेव्हा शिट्टीचा स्वर चढा लागतो. गाडी पुढे गेली की तोच स्वर उतरतो. या घटनेची मीमांसा ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ साली केली. रक्तातल्या पेशीही वाहत्या असतात. त्यांच्यावर आपटून आलेल्या आवाजाचा स्वर थोडा बदलतो आणि यंत्र ते ओळखून पडद्यावर तांबडे-नारिंगी ठिपके उमटवते. निरोगी सांध्याच्या अस्तरात असे ठिपके जवळजवळ नसतात. दाह असेल तर नव्या रक्तवाहिन्यांमुळे ते चमकू लागतात. चुलीवर राख पसरली असली तरी फुंकर घातली की खालचा निखारा लाल दिसतो ना, तसेच हे. दाह किती आहे हे शून्य ते तीन अशा चार पायऱ्यांनी सांगतात.

क्ष-किरणांच्या मानाने सोनोग्राफी किती आधी सांगते? इंग्लंडमधील लीड्स येथील डॉक्टरांनी २००० साली आमवाताच्या १०० रोग्यांची बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांपाशी दोन्ही प्रकारे तपासणी केली. क्ष-किरणांच्या फोटोत १७ रोग्यांत मिळून ३२ खड्डे दिसले. सोनोग्राफीत ५६ रोग्यांत १२७ खड्डे दिसले. म्हणजे ज्यांची हाडे आपण शाबूत समजलो असतो, अशांतल्या कित्येकांची हाडे कुरतडायला आधीच सुरुवात झाली होती.

मात्र सोनोग्राफी ही पाहणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. यंत्राचा दांडा सांध्यावर जोरात दाबला तर बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि लाल ठिपके नाहीसे होतात. असलेला दाह नसल्यासारखा दिसतो. हात गारठलेला असला तरी रक्त कमी वाहते. म्हणून ज्याला सांधे पाहण्याचा सराव आहे त्याच्याकडूनच ही तपासणी करून घ्यावी. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी केंद्रांची आणि यंत्रांची नोंदणी आवश्यक असते आणि यंत्र मनास येईल तिथे नेऊन वापरता येत नाही. तो कायदा मुलींच्या जिवासाठी आहे आणि तो हवाच. पण त्यामुळे ही सोय तुमच्या जवळच्या दवाखान्यात न मिळता नोंदलेल्या केंद्रात मिळेल, हे समजून असावे.

सोनोग्राफीची आणखी एक मर्यादा आहे. आवाज हाडातून पार जात नाही. म्हणून हाडाच्या आत काय चालले आहे, किंवा मनगटातल्या एकमेकांत गुंतलेल्या आठ बारक्या हाडांच्या सांदीकोपऱ्यात काय आहे, हे तिला दिसत नाही. तिथे तिसरे साधन उपयोगी पडते, ते म्हणजे एमआरआय.

एमआरआयचे यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक. साधारण यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. आपल्या शरीरात पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन आहे आणि हायड्रोजनचा अणुगर्भ लहानशा होकायंत्राच्या सुईसारखा वागतो. चुंबकात माणूस निजला की या सुयांचा कल एका दिशेला होतो. मग रेडिओच्या लहरींनी त्यांना क्षणभर ढकलतात. लहर थांबली की त्या पूर्वस्थितीला येऊ लागतात आणि येता येता स्वतःच बारीक लहरी सोडतात. आकाशवाणीचे केंद्र लहरी सोडते आणि तुमचा रेडिओ त्या पकडतो. इथे शरीरच काही वेळ केंद्र बनते. त्या लहरींवरून चित्र तयार करण्याची पद्धत शोधल्याबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जिथे सूज आहे तिथे पाणी अधिक, म्हणून सुजलेले अस्तर या चित्रात उठून दिसते. शिवाय हाडाच्या आतल्या मगजाला सूज आली असेल तर ती फक्त इथेच नीट दिसते. या सुजेला फार महत्त्व आहे, कारण जिथे मगज सुजतो तिथे पुढे खड्डा पडण्याचा संभव बराच वाढतो. मात्र ही तपासणी महाग आहे, मोठ्या शहरांतच सहज मिळते आणि अर्धापाऊण तास न हलता पडून राहावे लागते. यंत्राचा ठोकल्यासारखा आवाजही मोठा येतो, त्याला घाबरू नये. हृदयाला यंत्र बसवलेले असेल, अंगात धातूचा तुकडा असेल किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे; कारण काही वेळा शिरेतून जे औषध देऊन चित्र घेतात ते मूत्रपिंड बिघडलेल्यांना बाधू शकते.

आता तुम्ही म्हणाल, "एवढी चांगली साधने आहेत, तर प्रत्येक रोग्याची दर दोन महिन्यांनी सोनोग्राफी आणि एमआरआय का करू नये? पैसे लागोत, पण हात तरी वाचेल!"

प्रश्न रास्त आहे आणि तो डॉक्टरांनीही स्वतःला विचारला. नॉर्वेत २३८ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला सोनोग्राफी पाहून औषध कमीजास्त केले, दुसऱ्याला केवळ हाताने सांधे तपासून. दोन वर्षांनी, रोग पूर्ण आटोक्यात राहिला आणि हाडांची हानीही वाढली नाही, असे रोगी पहिल्या गटात शंभरी २२ आणि दुसऱ्यात १९ निघाले. हा फरक गणिताच्या दृष्टीने नसल्यासारखाच. हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. डेन्मार्कमध्ये रोग आटोक्यात असलेल्या २०० रोग्यांवर एमआरआयचा असाच प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१९ साली आला. चित्रातली उरलीसुरली सूज घालवण्यासाठी ज्यांचे औषध वाढवले त्यांचे हात इतरांपेक्षा अधिक वाचले नाहीत. उलट त्यांना गंभीर त्रास अधिक झाले.

याचा अर्थ काय घ्यायचा? चित्र निरुपयोगी आहे, असा नव्हे. ज्यांचे दुखणे नेमके कोणते याची शंका आहे, सूज अस्तराची की कंडरेची हे हाताला कळत नाही, औषध चालू असून एखादा सांधा ऐकत नाही, किंवा सांध्यात नेमक्या जागी सुई घालायची आहे, तिथे चित्राचा मोठा उपयोग आहे. २०१० साली अमेरिका आणि युरोपच्या तज्ज्ञांनी मिळून आमवात ओळखण्याचे जे निकष ठरवले, त्यांतही सुजेचा पडताळा म्हणून सोनोग्राफी आणि एमआरआयला स्थान आहे. पण रोज चित्र काढून चित्रावरच औषधोपचार करणे हा मार्ग नव्हे. उपचार माणसावर करायचा असतो.

म्हणून जाणता डॉक्टर आधी काय करतो ते पाहा. तो तुमचा हात हातात घेतो. दोन्ही खांदे, कोपरे, मनगटे, बोटांची मुळे, बोटांची पेरे आणि गुडघे असे अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबून पाहतो, किती दुखरे आणि किती सुजलेले ते मोजतो. पाय त्या मोजणीत नसतात, पण तेही पाहतो. सकाळी हात किती वेळ आखडतात ते विचारतो. मग रक्त तपासतो. रक्ताच्या तपासणीचाही चांगला उपयोग आहे, परंतु तीही शेवटचा शब्द नव्हे. आमवाताच्या शंभरांपैकी वीस-तीस रोग्यांत ती 'आरए' नावाची नेहमीची तपासणी नकारार्थी येते आणि काही निरोगी माणसांत होकारार्थी येते. हात, रक्त आणि चित्र, या तिघांची साक्ष एकत्र घेऊनच निवाडा होतो. एकाच साक्षीदारावर विसंबून खटला निकालात काढला की अन्याय होतो. आमच्या घरी तेच झाले.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून संपवतो.

बोटांचे वा मनगटांचे सांधे सुजले, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडू लागले आणि हे सहा आठवडे चालले, तर फोटो स्वच्छ असो वा नसो, सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. घरी एक साधी खूण पाहता येते. दुसऱ्याच्या हाताशी हस्तांदोलन करताना बोटांच्या मुळांची ओळ हलकेच दाबावी. तेवढ्याने माणूस कळवळला तर ते दुखणे हसण्यावारी नेण्याचे नव्हे. शिक्षकांनी आपल्या शाळेत येणाऱ्या आया-बायांना एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले.

दुसरे, जुने फोटो आणि कागद फेकू नका. पेटीत जपून ठेवा आणि दरवेळी बरोबर न्या. आजच्या फोटोची खरी किंमत मागच्या फोटोशेजारी ठेवल्यावर कळते.

तिसरे, गुण लगेच देणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांपासून सावध राहा. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून दिले तर ते औषधच आहे. पण चोरून आणि वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडे पोखरते आणि साखर वाढवते. वेदना थांबली म्हणजे रोग थांबला, असे नव्हे.

चौथे, या रोगावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी बहुधा देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. तेव्हा घरातल्या शिकलेल्या मुलाने कॅलेंडरवर तो वार लाल पेन्सिलीने खुणावून ठेवावा. आणि मूल हवे असलेल्या बाईने ती घेण्यापूर्वी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

वहिनींना औषध उशिरा मिळाले, पण मिळाले. दाह आता आटोक्यात आहे. सकाळी त्या परातीपुढे बसतात तेव्हा हात आखडत नाहीत. मात्र उजव्या हाताची दोन बोटे वाकली ती वाकलीच. भाकरी थापताना ती बोटे जरा बाजूला राहतात आणि भाकरीच्या कडेला त्यांचा ठसा उमटत नाही. आम्ही घरचे ती भाकरी खातो आणि काही बोलत नाही. पण तुमच्या घरी कोणी पहाटे मूठ वळत नाही म्हणून सांगू लागले, तर फोटोला विचारण्यापूर्वी त्या हाताला विचारा, आणि त्याचे म्हणणे खरे माना.